सगळे कण एकाच दिशेला

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मला भिंग नाही. माझ्याकडे एक सुई आहे, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक टोकाची. ती वस्तूवरून फिरते आणि चाचपून चित्र काढते. माझं पहिलं चित्र संचालकांनी कौतुकाने स्वतःच्या खोलीत लावलं होतं. मग नवं यंत्र आलं आणि माझ्यावर खोळ चढली. ती निघते वर्षातून एकदा, नॅनोविज्ञानाच्या विद्यार्थी-संमेलनात. देशोदेशीची मुलं येतात. कुणी रसायनाचं, कुणी वैद्यकाचं, कुणी यंत्रांचं. नव्या यंत्राला त्यांनी हात लावायचा नसतो. मला लावलेला चालतो.

यंदा सकाळीच एकाने घाईत सुई काचेवर आपटली. टोक तुटलं. तो गुपचूप उठून गेला. मला कळलं होतं, पण सांगणार कसं?

त्याच्यामागून रसायनाची एक मुलगी बसली. तिने बनवलेले औषधाचे कण पडद्यावर उमटले. सगळे त्रिकोणी!

"म्हणूनच ते पेशीत घुसतात!" ती ओरडली.

"जिंकलो आपण!" तिचा जोडीदार, होऊ घातलेला डॉक्टर, खुर्चीतून उडालाच.

तासाभराने त्यांचं भाषण होतं. सरस ठरणाऱ्या जोडीला इथे संशोधनासाठी जागा मिळणार होती.

मला सांभाळणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, चष्मा पुसत पुढे आले. "काय गं पोरी, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला कशी? कवायत चाललीय का?"

ती पडद्याजवळ वाकली.

"नमुना वळवून बघ," मामा म्हणाले.

"आता नको हं," जोडीदार कुजबुजला. "चाळीस मिनिटं उरलीत. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

तिने नमुना पाव फेरा वळवला. माझी सुई ओळीमागून ओळ सरकू लागली. दहा मिनिटांनी चित्र पूर्ण झालं. नमुन्याबरोबर त्रिकोणही वळायला हवे होते. त्यांची टोकं होती तिकडेच राहिली. तो आकार कणांचा नव्हता, माझ्या तुटक्या सुईचा होता.

मामांनी नवी सुई बसवली. कण निघाले साधे, गोल.

"मग आता दाखवायचं काय?" जोडीदाराने कपाळाला हात लावला.

"दोन्ही चित्रं," ती म्हणाली.

जागा दुसऱ्यांना मिळाली. पण भाषण संपताच माझ्यासमोर रांग लागली. प्रत्येकाला आपापला नमुना वळवून बघायचा होता.

मित्रांनो, माझी सुई तुटली तर लपवू नका, लगेच सांगा. तुटक्या सुईनेही मी चित्र काढतोच. आणि ते फार देखणं येतं.