बाहेरची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी. दाराला आतून लावतात ती नव्हे, मी बाहेरची.

बोहरी आळीतल्या एका दुकानात मी बिजागऱ्यांच्या शेजारी टांगलेली होते. दशरथने मला वारज्याला नेलं. तो हिंजवडीच्या एका कंपनीची बस चालवायचा. घरी बायको राधा आणि दहा वर्षांची मुलगी आम्रपाली. आम्रपाली आधी पाढे विसरली. मग बुद्धवंदना म्हणताना मध्येच थांबू लागली. मग चमचा कसा धरायचा, तेही गेलं. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंश लहान मुलांनाही होतो, आणि हिचा बरा होणार नाही. शेजारच्या उल्काताईंना ते पटलं नाही. "म्हातारपणाचं दुखणं एवढ्याशा पोरीला? लाडाने बिघडलीय, दुसरं काय."

आम्रपाली सगळं विसरली, पण आतली कडी काढायला विसरली नाही. दोनदा ती हायवेवर सापडली. आतून कुलूप लावलं, तर तिने किल्ली संडासात टाकली. म्हणून मी आले. दशरथ सकाळी कामाला निघाला की मला लावायचा. राधाला काही लागलं तर तिने दार वाजवायचं आणि उल्काताईंनी मला उघडायचं, असं ठरलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "बरं झालं हो, आता घोर नाही," असं जिना चढणारे म्हणत. ते विचारत, "आम्रपाली कशी आहे?" राधा कशी आहे, हे विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

आईचं बघून आम्रपालीही दार वाजवू लागली. ती दिवसभर वाजवायची. उल्काताई आल्या की राधा ओशाळून म्हणायची, "ताई, मी नाही, हिने वाजवलं."

"मग हिलाच सांगा, आमच्या दुपारच्या झोपेची वेळ तेवढी लक्षात ठेव म्हणावं."

पुढे त्या येईनाशा झाल्या. दार वाजलं की टीव्हीचा आवाज वाढवू लागल्या.

एका सकाळी राधा म्हणाली, "अहो, डोकं फार दुखतंय. एका डोळ्याने धड दिसत नाही."

"रविवारी दाखवू. आज बसला उशीर झाला तर माणसं ओरडतील." दशरथने मला लावलं आणि तो गेला.

दुपारी राधाने दार वाजवलं. हाक नव्हती, तिची जीभ वळत नव्हती. नुसते हाताचे ठोके. मग आम्रपालीही वाजवू लागली. पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. थोड्या वेळाने एकीचेच ठोके उरले.

संध्याकाळी दशरथने मला काढलं. दार ढकललं, तर सरकेना. मागे राधा पडली होती. तिच्याजवळ बसून आम्रपाली अजून दार वाजवत होती.

उल्काताई धावत आल्या. "अहो, मला वाटलं पोरगीच वाजवतेय."

"पोरगीनेच वाजवलं असतं, तरी उघडायचं होतं," दशरथ म्हणाला.

डॉक्टर म्हणाले, दुपारी आणलं असतं तर वाचल्या असत्या.

दशरथने मला उचकटून काढलं आणि नोकरी सोडली. आई गेली, हे आम्रपालीला कळलंच नाही. लोक म्हणाले, त्यातल्या त्यात तेवढं बरं. दशरथ तिला भरवायचा आणि भरवून झालं की ती उठून दार वाजवायची. दार उघडंच असे. पुढे तिला गिळणं जमेना, आणि तीही गेली.

आता मी स्क्रूच्या डब्यात गंजत पडले आहे. दशरथ मला टाकून देत नाही. रोज मला लावणारा हात त्याचाच होता.

मित्रांनो, तुमच्या जिन्यातही असं एखादं दार असेल. ते वाजलं तर कोण वाजवतंय, याचा विचार करत बसू नका. आत जा. आजारी मुलाजवळ बसा, पण त्याच्या आईलाही विचारा, जेवलात का, तुमचं काय दुखतंय. मी काही जड नव्हते. मला उघडायला एक बोट पुरत होतं.