खैरुनबीची साक्ष

खैरुनबीने बाळाच्या मानेवरून बोट फिरवलं, मग गळ्याजवळच्या हाडावरून, आणि लोंबणारा उजवा हात हळूच उचलून सोडला. हात खाली पडला. मागे बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले.

खैरुनबी गोंडपिपरीची सुईण. तिच्या शब्दाला तालुक्यात वजन होतं. गरोदर लेकीला, अमिनाला, सासरहून घरी नेताना ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, पंचांनी साक्षीसाठी तिची बैलगाडी तळ्याच्या पाळीवर थांबवली होती. देशात पहिलं इलेक्शन होऊन गेलं, तरी इथले पंच जुनेच आणि त्यांचा हट्टही जुनाच. गावची सुईण देवकाबाई हिने बाळंतपणात सोमाजीच्या पोराचा हात निकामी केला, असा आरोप होता. निकाल लागेपर्यंत तिला कुणाच्याही घरचं पाणी बंद होतं. आरोप खरा ठरला, तर ते कायमचंच बंद होणार होतं. नाळ कापायचा विळा तिने पंचांपुढे काढून ठेवला होता.

"देवका, हात ओढला काऊन?" खैरुनबीने विचारलं.

"डोकं बाहेर आलं अन् खांदा अडकला. तोंड काळंनिळं पडून राह्यलं होतं. काखेत बोट घालून ओढलं. हात गेला तं जाऊ दे म्हटलं, लेकरू राहू दे."

"म्हणजे कबूल झाली," पंचांचा म्होरक्या उमाजी म्हणाला.

"थांबा भाऊ." खैरुनबीने आपलं बोट त्या लुळ्या हाताच्या तळव्यात ठेवलं. इवल्याशा बोटांनी ते धरलं. "हाड साबूत हाय. मानेवर खूण नाई. घाबरलेली सुईण डोकंच ओढते अन् लेकरू जाते. हिनं खांदा सोडवला. हात पुरा उठन का नाई, ते मले सांगता येत नाई. पन मी असती तं हेच केलं असतं."

देवकाबाई बाद झाली असती, तर या गावची सगळी बाळंतपणं खैरुनबीकडेच गेली असती. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तिलाही. बाई मोठ्या मनाची, यात शंका नाही.

सोमाजी उठला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"माह्या पोरानं जाळं कसं फेकावं? दुसऱ्याच्या लेकरावर बोलणं सोपं हाय, बाई. तुमची पोरगी द्याल हिच्या हाती?"

ओढणी सावरून खैरुनबी सरळ गाडीकडे गेली. रागावून निघाली, असंच सगळ्यांना वाटलं. उमाजी तिची समजूत काढायला अर्धा उठलाही. ती परत आली, तेव्हा जड पावलांच्या अमिनाला तिने धरून आणलं होतं.

"देवका, हिचं पोट पाहून दे. मले लेकरू आडवं वाटते. पन पोटच्या पोरीवर माहा हात चालत नाई."

बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. देवकाबाईने आपल्या मातकट हातांकडे पाहिलं.

"हात धुवाले पाणी पाह्यजे," ती हळूच म्हणाली.

कुणी हललं नाही. उमाजी सोमाजीकडे पाहू लागला. सोमाजीने बाळाकडे पाहिलं, मग खाली मान घालून तो पाळीलगतच्या आपल्या घरात गेला आणि भरली घागर घेऊन आला. देवकाबाईच्या हातांवर त्याने स्वतः धार धरली आणि मध्येच थांबला.

"लय थंड हाय, बाई. कोमट करून आणू काय?"