मागच्या बाकावरचं भाडं

मी काळी-पिवळी जीप बोलतेय. ऐकणारी तुम्ही माणसं आहात, त्यामुळे फारशी अपेक्षा ठेवलेली नाही. उभं आयुष्य मी तुमची ओझी वाहिली. तुम्हाला मी जितकी ओळखते, तितकं तुमचं घरचं माणूससुद्धा ओळखत नसेल.

सध्या माझा मुक्काम बीडच्या एका भंगाराच्या आवारात आहे. डावीकडे तुटका कूलर, उजवीकडे चाकं नसलेली मोपेड. दोघंही कमी बोलतात. असा शेजार मला आधी कधी मिळाला नव्हता.

कारखान्यात मला दहा माणसांसाठी घडवलं होतं. तसं कागदावर लिहिलेलं आहे. पण माझा पहिला मालक, केजजवळच्या युसूफ वडगाव या गावचा सुग्रीव, याला वाचायचा कंटाळा. केजच्या बाजाराच्या दिवशी तो माझ्यात अठरा माणसं, चार कोंबड्या आणि एक बोकड कोंबायचा आणि वर ओरडायचा, "सरका की बे आत, गाडी रिकामीच हाय!" बोकड बिचारा सरकायचा. माणसं सरकायची नाहीत.

तुमच्या सवयी काय सांगू! दाराजवळ बसलेला दारातून हलणार नाही; मागून चढणाऱ्याने त्याच्या मांडीवरून जावं. खिडकीतला पान खाऊन माझ्याच अंगावर थुंकणार. गाडी अजून जाग्यावरच उभी, आणि एक जण मोबाइलवर सांगत असतो, "पोचलोच मी, पाच मिनटं." भाडं द्यायची वेळ आली की सगळ्यांच्या खिशात नेमकी पाचशेची नोट. एरवी ती नोट कुठे असते, देव जाणे.

सुग्रीवने मला पिळून घेतलं आणि बीडच्या हबीबला विकलं. हबीबबद्दल चांगलं बोलताना माझी जीभ अडखळते. कुणाबद्दल चांगलं बोलायची सवयच नाही. पण खरं ते सांगते. बीड ते मांजरसुंबा या रस्त्यावर त्याने मला इतकी वर्षं हाकलं, पण एकदाही लाथ मारली नाही. पालीच्या फाट्यावर एखादी म्हातारी लांबून हात करत येताना दिसली, की तो थांबायचा. आतली माणसं शिव्या द्यायची. तो ऐकायचा आणि थांबायचा. त्याच कमाईवर त्याने दोन खोल्या बांधल्या आणि मुलाला, मतीनला, कॉलेजात शिकवलं. हाच मतीन शाळेच्या सुट्टीत माझ्या मागच्या फळीवर लटकून "मांजरसुंबा, पाली, मांजरसुंबा!" म्हणून घसा फोडायचा. तेव्हा त्याला माझी लाज वाटत नव्हती.

पुढे मतीन दुबईला गेला. तिथे एका मालवाहतुकीच्या कंपनीत टेबलाशी बसायची नोकरी लागली. त्या ऑफिसातल्या लोकांची एक तऱ्हा होती. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून दुसऱ्या देशात सुट्टीला जायचं. वर्षभर जी तोंडं बघून जीव विटतो, तीच तोंडं पैसे खर्चून बरोबर न्यायची! यंदा त्यांनी हिंदुस्थान ठरवला. अजिंठा, वेरूळ, आणि एक दिवस बीड. कारण मतीनने आपल्या आईच्या बिर्याणीचं लई कौतुक करून ठेवलं होतं.

मतीन दोन दिवस आधी घरी आला. त्या घरात आपसात दखनी बोलतात, पण मी मराठीतच सांगणार. माझी तीच भाषा.

हबीब खुशीत होता. म्हणाला, "तुझ्या पाव्हण्यांना कपिलधारला मी नेतो. धबधबा लई जोरात हाय सध्या. गाडी धुऊन ठिवतो."

मतीनने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, नजर लागताच काढून घेतली.

"अब्बा, तुमी कावून तरास घेता? मी एसी गाडी केलीय. आन् ही जीप त्यांना दिसाया नको. सोमवारी भंगारवाला नेणारच हाय, तवर मागं झाकून ठिवा."

"कावून? काय सांगितलंस त्यांना?"

"आमचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस हाय म्हणून."

"मंग? ही काय मिठाई विकती का?"

मतीनची आई अजमतबी मधे पडली. "असू द्या हो. पोरगं चार दिसासाठी आलंय, कशाला वाद?"

भंगाराचा सौदा आधीच झाला होता. माझ्या कागदांची मुदत संपली होती, इंजिनही दमलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हबीबलाही ते पटलं होतं. जायच्या आधी एकदा मुलाच्या पाहुण्यांना माझ्यातून फिरवावं, मुलाने "हे माझे अब्बा, ही आमची गाडी" म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. तेवढीसुद्धा मतीनसाहेबांच्या ऐपतीत बसली नाही.

मला घरामागे ढकललं आणि वर एक जुना फ्लेक्स टाकला. कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा. त्याचे जोडलेले हात माझ्या बॉनेटवर आणि दात नेमके माझ्या काचेवर. इतका अपमान सुग्रीवच्या बोकडानेही केला नव्हता.

रविवारी सकाळी पाहुणे आले. वारा जावा म्हणून फ्लेक्सला भोकं पाडलेली असतात, त्यातून मला सगळं दिसत होतं. सात जण, सातही जणांच्या अंगात एकसारखे पोपटी टी-शर्ट. हरवू नयेत म्हणून असावेत; मेंढ्यांनाही असाच रंग लावतात. त्यांनी दाराचा फोटो काढला, शेळीचा काढला, अजमतबीच्या पातेल्याचा काढला. एक जण सारखा बाकीच्यांना मोजत होता आणि दर वेळी स्वतःला मोजायचं विसरत होता.

हबीबने त्यांना पाणी दिलं. इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून तो दाराशी उभा राहिला, कुणी काही विचारेल म्हणून. मतीन त्यांच्याशी इंग्रजीत भरभर बोलत होता. निघताना बापाला म्हणाला, "अब्बा, तुमी आराम करा," आणि एसी गाडीचं दार लावून घेतलं.

हबीब बराच वेळ दारातच उभा होता. कुणासाठी मला वाईट वाटत नाही सहसा. त्या दिवशी वाटलं.

थोड्या वेळाने मतीनचा फोन आला. पालीच्या पुढे घाट चढताना एसी गाडीचा क्लच जळाला होता. आवाज रडवेला, आणि इतका चढलेला, की मला फ्लेक्सखाली ऐकू आला.

"अब्बा, कुणाची तरी चांगली गाडी बगा ना. पाव्हणे उन्हात उभे हायेत."

"बगतो," हबीब म्हणाला.

तो सरळ माझ्याकडे आला. भावी नगरसेवकाला ओढून खाली टाकलं, फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाला, "चल गं."

मी पहिल्याच चावीला सुरू झाले. एरवी तीनदा खोकल्याशिवाय होत नव्हते.

घाटात पोपटी कळप रस्त्याकडेला उभा होता. मला बघून मतीनचा चेहरा असा झाला, जणू धोब्याने त्याची पँट फाडून आणली.

"हीच मिळाली व्हय?"

"हीच मिळाली."

पुढे काही बोलणं व्हायच्या आत त्या सातांतली एक मुलगी जोरात ओरडली. रोवेना तिचं नाव, फिलिपिन्सची. दोन्ही हात वर करून "जीपनी! जीपनी!" म्हणत ती धावत आली आणि मागच्या दाराने आत चढली. आणि मग तिने जे केलं, ते मी कधी पाहिलं नव्हतं. दाराजवळ न बसता ती वाकून सरळ बाकाच्या आतल्या टोकाला गेली आणि मागच्यासाठी जागा सोडली. कुणी सांगितलं नाही, शिवी दिली नाही. आपणहून! बाकीच्यांनाही तिनेच बसवलं, काहींना मधल्या बाकावर, काहींना आपल्यासमोर, गुडघ्यांत गुडघे अडकवून. त्यांच्या देशात अशाच जीपगाड्यांतून माणसं गावभर फिरतात, त्यांनाच जीपनी म्हणतात. तिने मोबाइलवर तसल्या एका गाडीचा फोटो दाखवला. पोळ्याच्या बैलासारखी सजलेली, नटवी मेली. पण बांधा माझाच.

पुढे हबीबच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे बापाच्या बाजूला बसावं लागलं असतं, म्हणून साहेब मागे फळीवर लटकले.

गाडी निघाली तशी रोवेनाने पर्समधून शंभराची नोट काढली आणि मधल्या बाकावरच्याच्या हातात दिली. म्हणाली, "बायाद पो!" भाडं घ्या हो, असा त्याचा अर्थ. नोट हातोहात हबीबपर्यंत पोचली. हबीब गोंधळला.

"आरं मतीन, पाव्हण्याचं भाडं घेत असतेत का? काय म्हणती ही?"

मतीन मागे, बाप पुढे. अख्ख्या गाडीतून ओरडून सांगावं लागलं.

"तिचे वडील अशीच गाडी चालवतेत अब्बा! त्याच्यावरच शिकली म्हणती. गाडीत बसून भाडं न्हाई दिलं तर डायवरचा अपमान होतो म्हणती!"

'अब्बा' ऐकून रोवेना वळली आणि मतीनला काहीतरी विचारू लागली. हसत नव्हती. मतीनने मान खाली घातली.

"आता काय म्हणली?" हबीबने आरशातून विचारलं.

"काय न्हाई. गाडी चांगली हाय म्हणली."

हबीबला इंग्रजी येत नाही. पण 'फादर' आणि 'ड्रायव्हर' हे दोन शब्द आयुष्यभर स्टँडवर काढलेल्या माणसाला कळतात. तुझा बापही ड्रायव्हर आहे, हे तू आम्हाला का सांगितलं नाहीस, असं ती विचारत होती. हबीबने आरशातून नजर काढली आणि नोट खिशात ठेवली.

कपिलधारच्या धबधब्यावर सगळे मनसोक्त भिजले. रोवेनाने हबीबला माझ्यासमोर उभं केलं, शेजारी स्वतः उभी राहिली आणि फोटो काढून लगेच आपल्या वडलांना पाठवला. तिकडून त्या माणसाने आपल्या गाडीशेजारी उभं राहून काढलेला फोटो परत पाठवला. दोघा ड्रायव्हरांनी एकमेकांचे टायर बघितले. दोघांचेही गुळगुळीत.

संध्याकाळी पाहुणे दुसऱ्या गाडीने गेले, आणि मतीनला अचानक माझा उमाळा आला. म्हणाला, "अब्बा, जीप भंगारात न्हाई द्यायची. सगळ्यांना लई आवडली. रंग देऊ, दारात उभी करू. लोक फोटो काढतील."

म्हणजे आता मी शोभेची बाहुली!

हबीबने कुर्ता काढून खुंटीला लावला. "सकाळपतूर फ्लेक्सखाली व्हती ती."

"चुकलं अब्बा. पण आता..."

"तुझ्या दोस्तांनी चांगली म्हणल्यावर तुला गाडी दिसली. बाप तर दारातच उभा व्हता, धुतला कुर्ता घालून. त्यो कावून दिसला न्हाई?"

अजमतबीने या वेळी मधे तोंड घातलं नाही.

सोमवारी हबीबने भंगारवाल्याची वाट पाहिली नाही. टोचन लावून ओढत न्यायला ती काय मेलेली म्हैस हाय का, म्हणाला आणि स्वतः चाकावर बसला. मतीन मागच्या बाकावर येऊन बसला. अगदी आतल्या टोकाला.

आवाराच्या दाराशी गाडी थांबली. मतीनने नोट काढली. मधला बाक रिकामा, नोट पुढे द्यायला कुणी नव्हतं, म्हणून तो मागून उतरला आणि फिरून बापाच्या खिडकीशी आला.

"घ्या, अब्बा."

हबीबने त्याच्याकडे बघितलं. कुठल्याही प्रवाशाला विचारावं, तसं विचारलं, "कुठून बसलात तुमी?"

मतीनचे डोळे भरले. "घरापासून."

हबीबने नोट घेतली. भाडं कापून सुट्टे पैसे परत दिले. रुपया जास्त घेतला नाही, रुपया सोडला नाही. मग माझी चावी काढून आवारवाल्याच्या हातात दिली आणि माझ्या बॉनेटवर एकदा तळवा ठेवला. बापलेक चालत घराकडे गेले. रस्त्याच्या एकाच बाजूने गेले. बोलत होते की नाही, ते इथून ऐकू आलं नाही.

उद्या माझ्यावर कटर चालेल. रडणाऱ्यातली मी नाही, आणि तुम्ही रडावं असंही म्हणणं नाही. तुमचं रडणंही फोटोपुरतं असतं. जाता जाता एवढंच सांगते. कुणाच्याही गाडीत चढलात तर आत सरकून बसा, आणि भाडं न मागता द्या. गाडी बापाची असली तरी.