पिवळा म्हणून दिलेला गुलाब

"या खेपेला मी पण येते. वहिनीकडचा गुलाब मला डोळ्यांनी बघायचाय," ताई म्हणाली आणि पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावू लागली.

मी टेम्पोत हत्यारांची पेटी चढवत होतो. ती पायावर पडली असती तरी इतकं लागलं नसतं.

ताईचं घर टेकडीवर, वहिनीचं खाली नदीकाठी. मध्ये अठरा किलोमीटर आणि मी. विहिरींचे पंप दुरुस्त करत मी या रस्त्यावर चाळीस वर्षं काढली आणि जाता-येता दोन्ही घरांची रोपं आणि बातम्या पोचवल्या. पद्धत ठरलेली होती. रोप ओल्या गोणपाटात बांधून द्यायचं आणि समोरच्याने गोणपाट परत करायचं, पण रिकामं नाही. वरून शेवंती गेली की खालून कर्दळ यायची. सोबत कोणाला नातू झाला, कोणाचे गुडघे गेले, कोण परीक्षेत आपटलं. बातम्यांची छाटणी मात्र माझ्याकडे. "ती कधी माझी चौकशी करते का?" असं वहिनीने नाक मुरडून विचारलं, की वर जाऊन मी सांगायचो, वहिनी तुझ्याबद्दल विचारत होती. यात खोटं काय आहे?

घरात मला थापाड्या म्हणतात. मी दुरुस्त केलेल्या एका पंपाने पाण्याबरोबर हातभर लांब मासा वर फेकला होता, हे खरं आहे. तो तळलेला होता, हे मी नंतर जोडलं.

गुलाबाची थाप मात्र हौसेची नव्हती. आमचा दादा गेला तेव्हा ताई सगळ्यांसमोर वहिनीला म्हणाली होती, "तू त्याला दवाखान्यात उशिरा नेलंस." तेव्हापासून सोळा वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. वर्षभराने ताईने आमच्या वडिलांच्या पिवळ्या गुलाबाचं रोप करून माझ्या हाती दिलं. "तिला दे," एवढंच म्हणाली. ताई माफी मागणाऱ्यांतली नाही. तिची माफी त्या गोणपाटात होती, हे मला समजत होतं. आणि ती मी भाजून काढली.

झालं असं, की वाटेत एका मळ्यातलं डिझेल इंजिन चालवून पाहिलं, तसंच गरमागरम टेम्पोत चढवलं, आणि रोप कलंडू नये म्हणून त्याला आधार दिला तो नेमका इंजिनाच्या धुराड्याचा. नदी येईपर्यंत पानं विडीसारखी वळली होती. मी रोपवाटिकेतून दुसरं रोप घेतलं. मालकाने पिवळाच म्हणून गळ्याशपथ सांगितलं. वहिनीच्या परसात त्याला फुलं आली ती पांढरीशुभ्र. वहिनीने पहिलं फूल हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. ताईला जाऊन सांगितलं, पिवळाधमक आहे. मग काय, दरवर्षी सांगत राहिलो. एका वर्षी तर त्या पिवळेपणावर मधमाश्या भांडल्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी विहिरीचा कठडा बांधताना गवंड्याने ताईचा मूळ गुलाब उपटून टाकला. आता वडिलांचा गुलाब जगात एकाच ठिकाणी उरला, असं घरातले सगळे धरून होते. तो तिथेही नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं.

वाटेत मी बरेच प्रयत्न केले. हा फुलांचा हंगाम नव्हे म्हणालो. टायर बसल्यासारखा वाटतोय म्हणालो. शेवटी वहिनीच्या परसात साप निघाल्याचं सांगितलं.

"असू दे," ताई म्हणाली. "त्यालाही बघते."

वहिनी फाटकातच उभी होती. "या वन्सं," असं म्हणाली, जणू मागच्याच आठवड्यात भेट झाली होती. दोघी मागे गेल्या. मी चाकाशी वाकून उगीच नट चाचपले आणि मग गेलोच.

झाड खांद्याइतकं उंच झालं होतं. चाळीसेक फुलं, सगळी पांढरी.

"हा पांढरा आहे," ताई म्हणाली.

माझ्याकडे तयार थापा होत्या. नदीचं पाणी, जमिनीतला चुना, शेजाऱ्यांची नजर. एकही ओठांवर येईना. "ताई, तो गुलाब..." एवढंच म्हणालो.

"पिवळाच होता," वहिनीने मला मध्येच तोडलं. "वय झालं, पांढरा पडला. तुमचे केस बघा, माझे बघा."

चाळीस वर्षांत माझ्यावर अशी मात कोणी केली नव्हती.

ताईने पदराने कपाळ टिपलं. मग एका फांदीवरून बोट फिरवलं.

"नीट सांभाळलंस, वहिनी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "दादालाही."

वहिनीने खाली वाकून एक फांदी बाजूला केली. तिला शेवाळ गुंडाळून गुटी बांधलेली होती आणि चिंध्यांतून पांढरी मुळं डोकावत होती. कठडा बांधल्याची बातमी मी आणली, त्याच दिवशी तिने ती बांधली असणार. कात्रीने फांदी कापून तिने ताईच्या हातात दिली. ताईने पिशवीतून घडी केलेलं गोणपाट काढलं, हौदात बुचकळून पिळलं आणि रोप त्यात बांधलं.

निघताना ताई टेम्पोत पुढे बसली, तसा मी रोप मागे ठेवायला हात पुढे केला.

"मागे नको," ताई म्हणाली. "तिथं इंजिन असतं."

त्या दिवशी टेम्पोत इंजिन नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. तिने मांडीवरचं गोणपाट माझ्याकडे वळवलं. त्यावर तळहाताएवढं ठिगळ होतं, माझ्याच जुन्या निळ्या शर्टाचं.

"परत आणलंस तेव्हा हे इथं जळलेलं होतं. मी काय आंधळी आहे?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू तिकडच्या बातम्या आणायचा थांबला असतास."

मी गाडी सुरू केली. ताईने रोप दोन्ही हातांनी धरलं होतं आणि तिच्या साडीवर पाणी ठिबकत होतं. टेकडी येईपर्यंत अठरा किलोमीटर मी तोंडातून एक शब्द काढला नाही. हे मात्र आजतागायत घरात कोणी खरं मानत नाही.