घोटून केलेली दाढी

“टोपी काढा, काका,” नर्स म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी टोपी धरली आणि तशीच धरून ठेवली. शेजारच्या स्टुलावर बायको बसली होती. गेल्या पाच वर्षांत तिने त्याचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. झोपतानासुद्धा तो टोपी ओढून घ्यायचा. उकाड्यात उशी घामाने भिजली तरी काढायचा नाही.

“मी बाहेर बसू का?” तिने विचारलं.

“नको. बस इथंच.”

म्हणाला खरा, पण टोपी काढताना त्याने डोळे गच्च मिटले. मांजर दूध पिताना मिटतं तसे.

सहा वर्षांपूर्वी एका स्वस्तातल्या दवाखान्यात त्याने टकलावर केस लावून घेतले होते. डोक्याच्या मागून कातडीची एक पट्टी कापली आणि तिच्यातले केस झुपक्याझुपक्याने पुढे रोवले. उगवले, पण बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे. एक झुपका, मधे रिकामी जागा, पुन्हा झुपका. मागे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पांढरा वण राहिला तो वेगळाच. त्या दिवशी अर्ध्यावरच भूल उतरली होती. “झालंच, झालंच,” म्हणत केस लावणारा माणूस टोचत राहिला आणि हा दात आवळून पडून राहिला. मधेच उठावं तर अर्धंच डोकं घेऊन घरी जावं लागणार.

तो चष्म्याच्या दुकानात कारागीर होता. फ्रेम कानामागे नीट बसवायची तर गिऱ्हाइकाच्या तोंडापुढे वाकावं लागतं, आणि नवा चष्मा चढवला की माणसाला पहिल्यांदा स्वच्छ दिसतं ते समोरचं डोकं. एका आजींनी असाच चष्मा लावला, त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि कळवळून म्हणाल्या, “अरे बाळा, हे कुणी केलं तुला?” त्या दिवसापासून टोपी आली. दुकानाचा मालक म्हणायचा, “पदरचे पैसे देऊन टोपी घालून घेणारा तू पहिलाच.” सगळे हसायचे. तोही हसायचा.

या नव्या डॉक्टरीणबाईंनी मात्र काही लपवलं नव्हतं. डोक्यामागे आता घेण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. जुने झुपके उकरून काढायचे, त्यांतला केस न् केस सुटा करून पुन्हा लावायचा आणि मधल्या जागा दाढीच्या व छातीच्या केसांनी भरायच्या. “दाढीचा केस चिवट असतो. छातीचा जगला तर जगला. आणि एकदा काढला की तो तिथे परत येत नाही.” हे शेवटचं वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं होतं. या वेळी बिघडलं, तर दुरुस्तीला अंगावर काहीच शिल्लक राहणार नव्हतं.

नर्सने मशीन फिरवून डोक्यावरचे केस बारीक केले. मागचा वण पुरता उघडा पडला. बायकोचा श्वास अडकलेला त्याला ऐकू आला.

डॉक्टरीणबाई आत आल्या. त्यांनी त्याची हनुवटी दिव्याकडे वळवली, गालावरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

“दाढी कधी केलीत?”

“आज सकाळी. चांगली दोनदा साबण लावून, घोटून.”

“वाढवून या म्हटलं होतं ना?”

त्याने स्वतःच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला.

“खुंट वर दिसला तरच केस कुठल्या बाजूला वळलाय ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “अंदाजाने सुई घातली तर मूळच तुटेल. आज फक्त छातीचे घेऊन सुरुवात करता येईल, नाहीतर चार-पाच दिवसांनी या. दोघं मिळून ठरवा.”

त्या गेल्यावर बायकोने हळूच विचारलं, “मुद्दाम केलीत?”

“नाही गं. दवाखान्यात स्वच्छ जावं म्हणून हात आपोआप गेला. निम्मी झाल्यावर आठवलं.”

“मग निम्मी ठेवायची.”

“निम्मी दाढी घेऊन येऊ होय इथं?”

तिला हसू फुटलं. त्यालाही आलं.

“छातीचे तर छातीचे, आजच उरकून टाकू,” तो म्हणाला. “घरी गेलो तर पुन्हा यायचा नाही मी. मला माहीत आहे मी कसा आहे ते.”

“मागच्या वेळीही उरकूनच टाकलं होतंत.” ती वणाकडे बघत होती. “फार दुखलं होतं का हो?”

त्याने हो म्हणून मान हलवली. हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“मग घाई नको. तुम्हाला परत आणायचं माझ्याकडे लागलं.”

ते घरी आले. दाढी वाढू लागली, आणि दाढीबरोबर भीतीही. सकाळी जाग आली की हात आधी गालावर जायचा. खुंट हाताला लागला की तो उठून बसायचा. भूल पुन्हा अर्ध्यावर उतरली तर? लावलेलं सगळं गळून गेलं तर? एकदा तर त्याने वस्तरा पाण्यात बुडवला, गालाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पुसून ठेवून दिला.

ठरल्या सकाळी तो नुसत्या पँटवर खाटेवर बसून होता. बायकोने येऊन त्याच्या गालावरून खालून वर तळवा फिरवला.

“टोचतेय. चला आता.”

त्याने शर्ट अंगात घातला. चष्म्याचा तिळाएवढा स्क्रू बसवणाऱ्या त्याच्या बोटांना बटणाचं काज सापडेना. दोनदा निसटलं. तिने त्याचे हात बाजूला केले आणि खालून एकेक बटण लावत वर आली. छातीपाशी तिची बोटं थांबली. तिथले केस आता निम्मे पांढरे झाले होते.

“यातले किती घेतील?”

“लागतील तेवढे.”

तिने तळवा थोडा वेळ तिथेच ठेवला. मग उरलेली दोन बटणं लावली आणि जाऊन दाराची कडी काढली.