लव्हाळ्यात पाडलेली वाट

टोपली वर आली ती रिकामीच. नांगोबीनं ती झटकली, पायानं चिखल ढवळला, पुन्हा बुडवली. पुन्हा रिकामी. बोटाएवढे न्केजे मासे याच डबक्यातून तिच्या आईनं, आजीनं उपसले होते. घरी गोवरातून उठलेला नातू मान धरत नव्हता, आणि त्याच्या पेजेत घालायला सुक्या न्केजेची चिमूटसुद्धा उरली नव्हती.

काठावर तिचा मुलगा किरुंडा उभा होता, हातात भल्यामोठ्या माशाचा मुंडक्यासकट सांगाडा.

"आई, म्पुताचं डोकं आणलंय. रस्सा कर."

"आणि मांस?"

"ते बर्फात. विमानानं परदेशी जातं."

"वा रे वा! मांस परक्यांना, आणि काटे माझ्या नातवाला?"

पूर्वी सरोवर आणि डबकं यांच्या मध्ये पपायरसच्या लव्हाळ्याची दाट भिंत होती. तिथल्या काळ्या, कुजक्या पाण्यात म्पुताचा जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीच्या अलीकडे, डबक्यात, न्केजे सुखात होते. हा म्पुता इथला नव्हेच. बाहेरून आणून सोडलेला. मासळीच्या व्यापाऱ्याच्या होड्या आत याव्यात म्हणून गावानंच गाणी म्हणत ती भिंत कापली. सर्वांत पुढं कोयता घेऊन किरुंडा. होड्या आल्या, मागोमाग म्पुता आला आणि त्यानं सगळं फस्त केलं.

नांगोबी तरातरा धक्क्यावर गेली. व्यापाऱ्याचा मुकादम मासे कापून घेत होता.

"माझे न्केजे कोण भरून देणार, बोल!"

"मावशी, त्या चिंगुळ्यांचं काय घेऊन बसलीस? हा बघ, माणसाएवढा मासा!"

"बघतेय ना! कुणाच्या तोंडचं खाऊन एवढा माजला, तेच बघतेय."

कचऱ्यात फेकलेलं म्पुताचं एक पोट तिनं ओढलं नि नखांनी फाडलं. आत न्केजे होते. काही विरघळलेले, काही अजून अख्खे. ती एकेक वेचून पदरात टाकू लागली.

"शी! हे खाणार तुम्ही?" मुकादम हसला.

"माझेच आहेत. मालकाला सांग, चोरीचा माल धनीण परत घेऊन गेली."

मागून किरुंडा आला. त्यानं सुरी उचलली आणि दुसरं पोट फाडायला बसला.

संध्याकाळी चुलीवरच्या धुरात न्केजे टांगले होते. कुणाला डोळा नव्हता, कुणाला शेपूट.

"उद्याही आणतो, आई."

"आण. उरलेसुरले संपेपर्यंत आण. मग म्पुताच्या पोटातही नसतील."

किरुंडानं मान खाली घातली. ती पेज ढवळत राहिली.