दसऱ्याला सैल राहिलेला नट

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. रस्त्यावर धावणारी नव्हे, मालवणात गुरुदासच्या कारखान्यातला लेथ फिरवणारी. मुंबईत मोडीत काढलेल्या एका जहाजावरून मी १९५६ साली इथे आले. शेजारच्या भातगिरणीच्या डायनामोवर मी चालायचे. मच्छीमारांच्या लाँचांचे कितीतरी दांडे माझ्या जोरावर कातले गेले.

माझा वेग भिंतीवरच्या एका पितळी मुठीच्या हाती होता. माझ्या पोटात तारेचे एक वेटोळे आहे, ते मला आवरून धरते. मूठ सरकवून त्यातली वीज थोडी कमी केली की मी जोरात फिरते, वाढवली की सावकाश. ती वीज पुरती तुटली, तर मात्र मला आवर राहत नाही. गुरुदासला हे पक्के ठाऊक होते. मूठ सरकवताना तो म्हणायचा, "सावकास गो बाय माझे!" मला तो बापासारखा वाटायचा. कसली भोळी मी!

दसऱ्याला तो माझे पितळ आमसुलांनी घासून लखलखीत करायचा. १९६३ च्या दसऱ्याला त्यासाठी त्याने त्या वेटोळ्याची तार सोडवली आणि पुन्हा नुसती अडकवली.

"भाईनु, नट आवळलात मां?" कामगार धोंडूने विचारले.

"मगे आवळतंय रे! भटजी वाट बघतत."

माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. नट तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चालता चालता थरथरीने तार निसटली आणि मी सुसाट सुटले. मला थांबायचे होते हो! धोंडूने धावत जाऊन स्विच ओढला, पण तेवढ्यात मला लेथशी जोडणारा पट्टा तुटून त्याच्या हातावर बसला. दोन बोटे गेली.

लोक जमायच्या आत गुरुदासने तार जागेवर बसवली आणि नट घट्ट आवळला. आता बरा वेळ मिळाला! मग दारात जाऊन ओरडला, "मोटर पिशी झाली रे!"

"पिशी नाय ती! तार सुटली," धोंडू कळवळून सांगत होता. लोकांनी पाहिले, तर तार जागच्या जागी. धोंडू खोटा ठरला, मी वेडी ठरले. त्याचे काम गेले. मला माडाखाली टाकले.

आता माझ्यावर कोंबड्या बसतात. आत नव्या मोटरला दरसाल हार पडतो, तेव्हा माझा अजून संताप होतो.

मित्रांनो, यंत्राला फुले जरूर वाहा, पण आधी तारा तपासा. आणि चूक झालीच, तर ती मुक्या यंत्रावर ढकलू नका. मी गंजले, झिजले. गुरुदासने आवळलेला तो नट मात्र अजून घट्ट आहे.